नाकाडीचा निर्वाळा

सुताराच्या दुकानात मागच्या भिंतीला, जमिनीलगत, एक भेग होती. बाहेरून बघणाऱ्याला ती नुसती भेग. आत मात्र मुंग्यांचं अख्खं गाव नांदत होतं, आणि गावातल्या झाडून सगळ्या एकमेकींच्या सख्ख्या बहिणी. त्यामुळे तिथं भांडणं भरपूर आणि गुपितं अजिबात नाहीत. कोण काय खाऊन आली, कोण कुठं टिवल्याबावल्या करत बसली होती, हे नुसतं हुंगलं की कळायचं. मुंगीचं नाक म्हणजे तिच्या मिशा, आणि त्या मिशा कधी चुकत नाहीत, अशी गावाची ठाम समजूत होती.

ही समजूत सगळ्यांत पक्की कोणाची, तर नाकाडीची. नाकाडी ही गावची गुप्तहेर. साखरेचा कण कोणी लपवला, दारातून कोण परकी घुसली, हे शोधून काढणं तिचं काम. शिवाय आणखी एक काम होतं, जरा गंभीर. एखादी बहीण मेली की नाही याचा निर्वाळा नाकाडीने द्यायचा. मेलेल्या मुंगीला एक वास येतो. शिळा, तेलकट, घशात बसणारा. तो आला की नाकाडी मान हलवायची. मग दोघी खांदेकरणी त्या मुंगीला उचलायच्या आणि दुकानाच्या पलीकडच्या कोपऱ्यात, लाकडाच्या भुशाच्या ढिगावर नेऊन ठेवायच्या. गावाचं स्मशान तेच.

थंडी पडायला लागली आणि गावात काहीतरी भलतंच सुरू झालं. धडधाकट मुंग्या मरायला लागल्या. जखम नाही, आजार नाही. सकाळी कामाला गेलेली बहीण दुपारी तोंडात कण धरून, स्वतःच्या पायांनी चालत घरी यायची, आणि दारातल्या पहारेकरणी तिला हुंगून मागे सरकायच्या. ती मेलेली असायची.

चालत घरी येणारं मेलेलं कोणी आजवर पाहिलं नव्हतं. रात्री पिल्लं दचकून उठू लागली. पण नाकाडीचं नाक सांगतंय म्हटल्यावर उलट बोलणार कोण?

मग एका दुपारी बडबडी आली.

बडबडी ही नाकाडीची पाठची. तशा गावात सगळ्याच पाठच्या, पण या दोघी शेजारशेजारच्या कोशांतून एकाच सकाळी बाहेर पडलेल्या. एकीने बाहेर आल्याआल्या हुंगायला सुरुवात केली आणि दुसरीने बोलायला. दुसरी अजून थांबलेली नव्हती.

"अगं काय सांगू, त्या टेबलाखाली एवढा मोठा बिस्किटाचा तुकडा पडलाय ना..." असं म्हणत ती दारात शिरली आणि पहारेकरणी किंचाळल्या.

नाकाडी धावत आली. तिने बडबडीला मिशा लावल्या, काढल्या आणि पुन्हा लावल्या. तोच वास.

"अशी काय बघतेस?" बडबडी म्हणाली.

"तू मेली आहेस."

"काहीतरीच काय! मी बोलतेय ना तुझ्याशी?"

"बोलतेस. काहीजणींना उशिरा कळतं."

"अगं, पण बिस्किट..."

"बडबडे, मेलेल्यांनी बोलायचं नसतं. आणि मेलेल्यांचं आपण ऐकायचं नसतं." नाकाडीला मान हलवायची नव्हती. तरी तिने मान हलवली, कारण मान हलवणं तिचं काम होतं.

खांदेकरणींनी बडबडीला उचललं. त्यांच्या डोक्यावरूनही तिचं बोलणं चालूच होतं. "हळू गं, पाय दुमडतोय माझा! आणि बिस्किट डाव्या पायापाशी आहे, टेबलाच्या! कोणीतरी जा, नाहीतर ते झुरळ खाईल!"

त्या दिवसापासून भिंतीतून आवाज यायला लागला.

भिंत आतून पोकळ होती, आणि तिचं दुसरं टोक भुशाच्या ढिगापाशी निघत होतं. त्या पोकळीतून बडबडीचं बोलणं गावात यायचं, बारीक, लांबून. "ऐकताय का कोणी? इथं सगळ्या रांगेत बसल्यात गं. पाय पोटाशी घेऊन. कोणी काही बोलत नाही. मी एकटीच बोलतेय." गावाने भेगांना मातीचे बोळे लावले. नाकाडी मात्र रोज एक बोळा काढायची आणि मिशा आत घालून उभी राहायची. मेलेल्यांचं ऐकायचं नसतं हे तिनेच गावाला शिकवलेलं. पण बडबडीशिवाय तिला करमत नव्हतं, त्याला ती काय करणार!

एक दिवस आवाज म्हणाला, "ताई, मला पण आता माझा वास येतोय. तू म्हणालीस ते खरंच असणार." त्यानंतर आवाज बंद झाला.

ती शांतता नाकाडीला सोसवेना. जो कोणी माझ्या बहिणींना मारतोय त्याला शोधून काढते आणि त्याच्या दोन्ही मिशा उपटते, असं म्हणून ती तडक निघाली.

पहिला संशय झुरळकाकांवर. काका सुताराच्या हत्यारपेटीखालचे जुने भाडेकरू. त्यांच्या मिशा अंगापेक्षा लांब, आणि दिवसभर लाकूड चिकटवायचा सरस चाटत पडायचं हा त्यांचा उद्योग.

"काका, माझ्या बहिणींना कोण मारतंय?"

"मला काय ठाऊक? पण तुझ्या त्या खांदेकरणींना आधी आवर बाई. परवा मला उचलायला आल्या होत्या."

"तुम्हाला?"

"मग सांगतोय काय! माझा मागचा पाय धरला आणि 'बिचारे काका, चांगले होते' म्हणत ओढायला लागल्या. मी म्हटलं, अजूनही चांगलाच आहे! ऐकतील तर शपथ. मी पडलो जाडजूड म्हणून वाचलो, नाहीतर आज त्या ढिगावर असतो. आणि त्या ढिगाचं काही खरं नाही. सुताराने शेगडी बाहेर काढलीय. आज दुकान बंद करायच्या आत कोपरा झाडणार आणि सगळा भुसा तिच्यात ओतणार."

"तुम्हाला कसं माहीत?"

"दर थंडीत हेच करतो."

गावातली कोणीच इतकी जगलेली नव्हती की मागची थंडी तिला आठवावी. नाकाडी जागच्या जागी थिजली. मग सवयीने तिने काकांना हुंगलं. तोच वास. शिळा, तेलकट. आणि काका तर मजेत सरस चाटत होते.

"काका, तुम्ही हल्ली झोपता कुठं?"

"जागा बदललीय. त्या तेलाच्या डब्याच्या मागे. जरा उबदार आहे. का गं?"

नाकाडी उत्तर द्यायला थांबली नाही.

लाकडाला चोळायच्या तेलाचा तो डबा बुडाशी गंजला होता. त्यातून एक बारीक ओघळ निघाला होता, जुना, चिकट झालेला, आणि तो मुंग्यांच्या नेहमीच्या वाटेवरून आडवा गेला होता. नाकाडी त्यापाशी उभी राहिली. तिथं कोणी मेलेलं नव्हतं. तरी तिथं मेलेल्यांचा वास होता.

आधी तिला हायसं वाटलं. मग तिला आठवलं की मान कोणी हलवली होती, आणि धरणीने पोटात घ्यावं असं तिला झालं. कोणी कोणाला मारलंच नव्हतं. तिनेच त्यांना एकेक करून जिवंतपणी पोचवलं होतं.

गावाला हाक घालायला ती धूम पळत सुटली. दारात पहारेकरणींनी तिला हुंगलं.

"अगं बाई! नाकाडीताई पण गेली!"

"गेले नाही, ते तेल आहे! डब्यातलं तेल पायाला लागलंय. बाजूला व्हा, वेळ नाही!"

"नाकाडीला बोलवा गं कोणीतरी. निर्वाळा द्यायला."

"मीच नाकाडी!"

पहारेकरण घोटाळली. तिची जोडीदारीण मात्र चुणचुणीत. "मग तर प्रश्नच मिटला," ती म्हणाली. "ताई, तुला स्वतःला येतोय का वास?"

नाकाडीने स्वतःला हुंगलं. "येतोय, पण..."

"बघ. स्वतःच निर्वाळा दिला बिचारीने."

खांदेकरणी तिला घेऊन निघाल्या. नाकाडी सबंध वाटभर ओरडून सांगत होती: तेल, डबा, ओघळ, शेगडी.

"शेवटपर्यंत तपासच चालू होता गं तिचा," पुढची म्हणाली.

"कामात जीव होता हो," मागची म्हणाली.

"जीव अजून आहे! इथंच आहे!"

"हो हो," दोघी समजुतीने म्हणाल्या, आणि तिला ढिगावर ठेवून निघून गेल्या.

ढिगावर अजिबात आवाज नव्हता. खिडकीतून येणाऱ्या उन्हात भुसा हळूहळू खाली उतरत होता आणि रांगेत बसलेल्यांच्या पाठींवर साचत होता. सगळ्यांचे पाय पोटाशी. मुंगीला पापण्या नसतात, त्यामुळे जिवंत असो की मेलेली, ती सारखीच बघते. त्या सगळ्या समोर बघत होत्या. नाकाडीला आपल्याच अंगाचा वास येत होता, आणि रांगेत तिच्यापुरती जागा मोकळी होती. क्षणभर तिला वाटलं, बसावं. पाय दुमडायलासुद्धा लागले होते.

तेवढ्यात दुकानाच्या त्या टोकाला झाडूची खरखर सुरू झाली. नाकाडी दचकून ताठ झाली.

बडबडी रांगेच्या मध्यावर होती. "बडबडे, ऊठ. तू मेलेली नाहीस. तुला तेल लागलंय."

बडबडीचा अगदी बारीक आवाज आला, "मेलेल्यांनी बोलायचं नसतं."

"मी चुकले गं."

"तुझं नाक चुकत नाही." बडबडी समोरच बघत होती. "खरं असेल तर हुंगून सांग."

नाकाडीने मिशा टेकल्या. नाक म्हणत होतं, मेली. स्पष्ट म्हणत होतं. जन्मल्यापासून नाकाच्या विरुद्ध तिने एक शब्द काढला नव्हता.

"जिवंत," ती म्हणाली.

बडबडीचा एक पाय हलला. "नक्की?"

"नक्की. आता अंग चाट. निघेल तो वास."

बडबडीने पाय तोंडात घातला. "शी! काय घाण चव आहे गं! आणि तुला यायला एवढा वेळ? बिस्किट आणलं का कोणी?" बोलताबोलताच ती नाकाडीचे पाय चाटायला लागली. मुंग्यांना रडता येत नाही, नाहीतर नाकाडी तिथं भुशावर ओक्साबोक्शी रडली असती.

मग नाकाडी रांगेतून फिरली. प्रत्येकीला मिशा लावायची आणि म्हणायची, "जिवंत." नाक प्रत्येकीला मेलेलीच म्हणत होतं. काहीजणी हलायच्या, दचकून अंग चाटायला लागायच्या, एकमेकींना पुसत भिंतीकडे पळायच्या. काहीजणी नाही हलायच्या. झाडू जवळ येत होता आणि ढीग खालून थरथरत होता.

रांगेच्या टोकाला म्हातारी दाई होती. नाकाडी आणि बडबडी अळ्या होत्या तेव्हा तिनेच त्यांना भरवलं होतं.

"जिवंत," नाकाडी म्हणाली.

दाई हलली नाही.

"दाईताई, जिवंत आहेस तू. मी सांगतेय."

"चल ना!" बडबडी ओरडली. "ती खरंच गेली असेल."

"असेल."

नाकाडीने पुन्हा हुंगलं. तेलाचा वास आणि मरणाचा वास एकच होता, आणि त्या एका वासाच्या पलीकडे तिच्या नाकाला काही दिसत नव्हतं. तिने डोकं दाईच्या पोटाखाली घातलं. बडबडीने दुसरी बाजू धरली. झाडूच्या काड्या मागे भुशात घुसल्या तेव्हा दोघी दाईला घेऊन भिंतीच्या पोकळीत शिरत होत्या.

गावात कल्लोळ माजला होता. मेलेल्या बहिणी स्वच्छ अंगाने, एकीमागून एक घरात येत होत्या आणि काही खायला मागत होत्या. सगळ्यांत शेवटी या तिघी दारात आल्या. पहारेकरणीने दाईला हुंगलं आणि वाट अडवली.

"ही मेलेली आहे. मेलेलीला इथून बाहेर नेतात, आत नाही आणत."

"माहीत आहे."

"मग निर्वाळा दे. जिवंत की मेलेली?"

सगळं गाव गोळा झालं होतं. बाहेर शेगडी पेटली आणि भेगेतून लाल उजेड आत आला. नाकाडीने दाईकडे पाहिलं. दाई समोर बघत होती.

"मला माहीत नाही," नाकाडी म्हणाली.

हे वाक्य त्या गावात पूर्वी कोणी ऐकलं नव्हतं. पहारेकरणीने एकदा नाकाडीकडे, एकदा दाईकडे पाहिलं आणि ती दारातून बाजूला झाली.

"मग आत घे तिला," ती म्हणाली. "बाहेर थंडी आहे."