माझ्या खळग्यातला घास

मित्रांनो, मी एक जुना शिशाचा ओळंबा आहे. मला दोरीने समुद्रात सोडले की पाण्याची खोली कळते. माझ्या बुडाशी एक खळगा आहे. त्यात चरबी भरली, तर तळाची वाळूही चिकटून वर येते.

मला लिस्बनमध्ये ओतले. तोफा आणि क्रूस घेऊन निघालेल्या जहाजावरून मी गोवा, मलाक्का, मकाव पाहिले. खरे तर तिथला चिखल पाहिला. बाल्तझार खलाशी मला रोज मायेने पुसायचा. तो फार देवभोळा होता.

एकदा जपानजवळ दाट धुके पडले. जहाजावर दोनशे माणसे होती. खडकाला लागलो असतो, तर एकही वाचला नसता. वाट दाखवायला जपानच्या हिरादो बेटावरचा म्हातारा कोळी जिंबेई होता. मकावच्या फेऱ्यांत तो पोर्तुगीज बोलायला शिकला होता.

"चौदा वाव खोल!" दोरी मोजून बाल्तझार ओरडला.

जिंबेईने मला उलटे केले. खळगा कोरा!

"चरबी कुठाय रे, दाढीवाल्या?"

"काढली, आजोबा. उद्या संत पेद्रूचा सण. आज उपास, चरबीला शिवायचं नाही."

"उपास तुझा की ह्याचा?"

कप्तान हसला. "राहू दे. नकाशात इथं मोकळा समुद्र आहे."

"नकाशा काढणारा इथं आला होता का, साहेब?"

उत्तराची वाट न पाहता जिंबेईने आपल्या डब्यातला चिकट भात माझ्या खळग्यात ठासला. मी पुन्हा तळाशी गेलो आणि काळ्या शिंपल्यांचा चुरा घेऊन वर आलो. तो पाहून म्हाताऱ्याचा चेहरा उतरला.

"असे शिंपले इथल्या खडकालाच असतात. खडक आलाय. नांगर टाका! माझा भाऊ इथंच बुडाला."

कप्तानाने एकवार नकाशाकडे, एकवार भाताकडे पाहिले. मग हुकूम दिला. धुके विरले, तेव्हा खडक हाताने दगड मारावा इतका जवळ होता. बाल्तझारने म्हाताऱ्याला मिठीच मारली.

कप्तानाने तो खडक नकाशावर चढवला, स्वतःच्या नावाने. जिंबेईने बक्षीस म्हणून मला मागून घेतले.

पुढे मी बरीच वर्षे त्याच्या घरी कोपऱ्यात धूळ खात पडलो. आता ओताने नावाची त्याची नात माझ्याखाली मासेमारीची जाळी दाबून ठेवते. दर नव्या वर्षी ती माझ्या खळग्यात भात भरते आणि म्हणते, "घ्या, आजोबांचे दोस्त, जेवा!"

मित्रांनो, परक्या किनाऱ्यावर गेलात, तर तिथली माती अंगाला चिकटू द्या. आणि घरात माझ्यासारखे एखादे ओबडधोबड वजन सापडले, तर फेकण्याआधी एकदा उलटे करून पाहा.