हिंगाच्या डबीतली गोळी

शालूबाईला शहाणपण शिकवायला कुणी जायचं नाही. राजारामपुरीत तिच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तिच्या नवऱ्याला, तात्यांना, तर गेली बत्तीस वर्षं ठाऊक होतं. तात्या हायस्कुलात चित्रकलेचे मास्तर. वर्गातल्या पोरांवर त्यांचा आवाज कधी चढला नाही, तर घरात काय चढणार!

दोन हजार तीनची दिवाळी झाली आणि गगनबावड्याला एका बारशाला गेले असताना तात्यांच्या छातीत कळ आली. कोल्हापुरात हार्टच्या डॉक्टरनं तपासलं. झटका नव्हता, पण रक्तात कोलेस्टेरॉल भरमसाट निघालं. त्यानं रोज रात्री घ्यायची एक गुलाबी गोळी दिली. कागदाच्या मागच्या बाजूला स्वतःच्या हातानं लिहिलं आणि वाचूनही दाखवलं. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलात, तर ही गोळी चालू आहे हे आधी सांगायचं, काही औषधांशी हिचं जमत नाही. विनाकारण मांड्या, दंड दुखायला लागले, लघवी काळपट लाल झाली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी यायचं. शालूबाईनं मान हलवून हलवून सगळं ऐकून घेतलं.

रिक्षात बसल्या बसल्या ती म्हणाली, "ह्यातलं अक्षरबी कुणाला कळता कामा न्हाय. भैरवीलाबी न्हाय."

कारण भैरवीचं, त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं, आठच दिवसांपूर्वी ठरलं होतं. मुलगा श्रेयस, वीज मंडळात इंजिनियर. घर चांगलं, माणसं चांगली. आता बापाला हार्टचं दुखणं म्हटल्यावर पोरीच्या रक्तातही ते असणार, असं बोलायला लोकांना काय पैसे पडतात? शालूबाईच्या धाकट्या बहिणीचं ठरलेलं लग्न आईच्या दम्यावरनं मोडलं होतं, आणि ती बहीण चाळिशी उलटली तरी माहेरीच होती. शालूबाईनं ते सगळं डोळ्यांनी बघितलं होतं. ती उगीच भीत नव्हती.

मग तिनं आपली अक्कल चालवली. घरी आल्याबरोबर पाकिटातल्या गोळ्या एकेक करून काढल्या, हिंगाच्या रिकाम्या डबीत भरल्या, आणि ती डबी मिसळणाच्या डब्यामागं ठेवली. पाकिटं न्हाणीतल्या बंबात जाळली. डॉक्टरचा कागद ट्रंकेत, लग्नातल्या शालूच्या घडीत गेला. पुढच्या महिन्याच्या गोळ्या आणल्या, त्यांचंही तसंच केलं.

"शालू, मी औषध खातोय का फोडणी?" तात्या गोळीचा वास घेऊन विचारायचे.

"गिळा गुमान!"

आणि ते हसत गिळायचे. त्या दिवसांत ते लेकीच्या पत्रिकांवर स्वतः ब्रशनं गणपती काढत बसलेले असायचे. छापील गणपती त्यांना चालणार नव्हता. अडीचशे पत्रिका, अडीचशे गणपती.

लग्नाला पंधरा दिवस उरले आणि तात्यांना खोकला लागला. छातीत कफ, अंगात ताप. नेमके त्याच दिवशी श्रेयसचे चुलते, कृष्णात डॉक्टर, मानपानाचं बोलायला घरी आलेले. त्यांचा दवाखाना चार गल्ल्या पलीकडंच. त्यांनी बॅगेतली नळी काढून छाती तपासली आणि कागदावर गोळ्या लिहिल्या.

"ह्या सात दिवस घ्यायच्या, चुकवायच्या न्हाईत. दुसरं काय औषध चालू हाय का तात्या?"

तात्यांनी तोंड उघडलं होतं, अगदी उघडलं होतं. पण शालूबाईच पुढं झाली. "कसलं औषध, पावणं! ठणठणीत हायत ते. एक गोळी म्हणून ठाऊक न्हाय त्यांना."

डॉक्टर चहा पिऊन गेले. तात्या म्हणाले, "अगं, सांगायला पायजे होतं. लिवून दिलंय की त्यानं."

"एका पोटात दोन गोळ्या गेल्या म्हणून काय कुस्ती खेळणार हायत व्हय? लग्न होऊ दे, मग सांगा गावभर."

चौथ्या दिवशी ताप उतरला. घरातली पहिली पत्रिका कुलदेवाला, म्हणून दोघं जोतिबाला जाऊन आले. पायऱ्या उतरले, देवापुढं पत्रिका ठेवली, गुलाल लावला आणि पायऱ्या चढून वर आले. दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांना मांड्यांतून उठवेना.

"डोंगराच्या पायऱ्या हायत त्या," शालूबाई म्हणाली आणि कोमट तेलानं रगडायला बसली. मांड्यांना, दंडांना, कुठंही हात लागला की तात्या कळवळत होते. पायऱ्या चढल्यानं माणसाचे दंड दुखत नाहीत, हे तिलाही कळत होतं. संध्याकाळी तात्या न्हाणीतनं बाहेर आले आणि खाली मान घालून म्हणाले, लघवी कोऱ्या चहासारखी झालीय.

शालूबाई उठली. ट्रंक उघडली, शालूच्या घडीतला कागद काढला, मागची बाजू वाचली. एकदा नाही, तीनदा वाचली. अक्षर स्वच्छ होतं. आता हार्टच्या डॉक्टरकडं जायचं म्हणजे ॲडमिट करणार, ॲडमिट केलं की पाहुणे बघायला येणार, आणि लग्नाला दहा दिवस! तिनं कागद परत घडीत ठेवला, ट्रंक लावली.

"उष्णता झालीया," ती म्हणाली. "सब्जा भिजत घालते." आणि जेवण झाल्यावर तिनं हिंगाची डबी नेहमीसारखी त्यांच्यापुढं धरली. एवढं तरी तिनं करायला नको होतं! तात्यांनी काही न विचारता गोळी उचलली.

दोन दिवस ती त्यांना सब्जा पाजत राहिली. तिसऱ्या दिवशी त्यांची लघवी बंदच झाली. उलट्या सुरू झाल्या आणि ते भैरवीला ओळखेनासे झाले. मग कुठं रिक्षा, मग दवाखाना. कृष्णात डॉक्टर धावत आले. आतल्या डॉक्टरांशी बोलून ते बाहेर व्हरांड्यात आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"स्नायू वितळून मूत्रपिंडं बंद पडलीत. विहीणबाई, खरं सांगा, काय खात होते?"

शालूबाईनं कनवटीची डबी काढून त्यांच्या हातावर ठेवली. येताना ती बरोबर घेऊन आली होती, कशाला ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. डॉक्टरांनी एक गोळी चिमटीत धरली. "हिचं नाव काय?"

"नाव जाळलं मी," ती म्हणाली. "कोलेस्टेरॉलची हाय. कागद हाय, ट्रंकेत."

"मी विचारलं होतं तुम्हांला. माझ्या गोळ्यांबरोबर ही चालत न्हाय. एका शब्दानं सांगितलं असतं तर दुसरं काहीतरी लिहून दिलं असतं मी." त्यांना आणखी काहीतरी बोलायचं होतं, पण ते डबी घेऊन परत आत गेले.

भैरवी सगळं ऐकत होती. "आई, मला तरी सांगायचंस गं," एवढंच ती म्हणाली.

मशीनवर रक्त धुतलं, तीन वेळा धुतलं. पाचव्या दिवशी तात्या गेले. नव्वद पत्रिका गणपतीवाचून राहिल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. शालूबाईला वाटत होतं की आता पाहुणे नक्की नाही म्हणणार. पण ते काही नाही म्हणाले नाहीत. तीन महिन्यांनी, वाजंत्री न लावता, घरातल्या घरात लग्न लागलं. ज्यासाठी तिनं एवढं केलं ते झालं, आणि त्याचा आनंद मानावा तर कुणाजवळ मानावा?

लग्नानंतर महिन्यानं लेकीनं आग्रहानं बोलावलं म्हणून शालूबाई पहिल्यांदा तिच्या सासरी जेवायला गेली. ताटं झाली. श्रेयसचे वडील, आण्णा, पाटावरनं म्हणाले, "सूनबाई, माझी गोळी दे की."

भैरवीनं मिठाच्या बरणीशेजारचं पाकीट उचललं आणि एक गोळी त्यांच्या तळव्यावर ठेवली. गुलाबी होती. शालूबाईनं ती हजारांत ओळखली असती.

आण्णांनी ती लगेच तोंडात टाकली नाही. गोळी तळव्यावर तशीच धरून ते शालूबाईकडं वळले. "विहीणबाई, आज सांगतो. सात वर्सं झाली ही घेतोय. सोयरीक मोडंल म्हणून मीच कृष्णातला सांगितलतं, तात्यांच्या घरात बोलू नको. आमीबी भ्यालतो."

शालूबाईनं हातातला घास परत ताटात ठेवला. तिनं विचारलं, "मांड्या दुकत न्हाईत न्हवं तुमच्या?"

"न्हाय बा. जरा दुखलं तरी कृष्णात लगेच गोळी थांबवून रक्त तपासतो."

भैरवी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिनं तो आईच्या ताटाशी ठेवला, आणि तिच्याकडं न बघता आत निघून गेली.