पाण्याचा मान

सरूच्या घरात नाकं तीन, पण वास येणारं एकच, ते सरूचं. हसू नका, हसण्यासारखं त्यात काही नाही. सासू इंदुबाईनं जन्मभर तपकीर ओढली आणि नाकाचं मातेरं करून घेतलं. नवरा कान्हू कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत पेणला दवाखान्यात पडला, वाचला, चालत घरी आला. वास मात्र तिकडंच राहिला. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. सरूला कळलं ते बोंबलाच्या कालवणावरून. आदल्या दिवशीचं आंबलेलं कालवण ती परसात ओतायला निघाली, तर हा गडी तेच ताटात घेऊन मिटक्या मारत बसलेला.

"झकास झालंय," म्हणाला.

सरू बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "तुमाला वास येत नाय काय?"

"येतो की! न यायला काय झालं?" कान्हू असा खेकसला की ती पुन्हा त्या वाटेला गेली नाही. पुरुषाची जात! हात मोडला तर गावभर दाखवत फिरेल, पण नाक गेलं म्हणायला त्याला लाज.

गाव त्यांचं खारेपाटातलं, पेणपासून खाडीच्या अंगाला. नळाला पाणी येईल त्या दिवशी दिवाळी. फाल्गुन लागला की ती दिवाळीही लांब लांब जायची. म्हणून दारोदार निळी पिंपं. रोह्याच्या भंगारवाल्याकडून आणायची, घासायची, उन्हात वाळवायची आणि भिंतीला ओळीनं लावायची. त्या गावात बाईची ऐपत अंगावरच्या सोन्यावरून नाही, दारातल्या पिंपांवरून ठरते. सरूकडं चार होती, सगळी एका उंचीची, एका रंगाची. कान्हू दुखण्यातून उठला त्या वर्षीच्या दिवाळी सणापर्यंत चारांतही पाणीच असायचं.

मग कान्हूला अक्कल सुचली.

त्याचा टेम्पो होता. पेणजवळच्या जोहे गावच्या कारखान्यांतून गणपतीच्या कच्च्या मूर्ती भरायच्या, पेंढ्यात नीट बसवायच्या आणि वापी-सुरतेला पोचवायच्या, हा त्याचा धंदा. येताना टेम्पो रिकामा. आता रिकामा टेम्पो हाकणाऱ्याचं डोकं काही रिकामं नसतं. पेंढ्याखाली कॅन दडवून तो तिकडचं पेट्रोल आणू लागला. घरी आलं की अंधार धरून पिंपांत ओतायचं आणि सवडीनं रोह्याला नेऊन रिक्षावाल्यांना द्यायचं.

शेजारची पुतळी भोळी. तिनं एकदा विचारलं, "कान्हूभावजी, पेट्रोल ते पेट्रोलच ना? मग तिकडं सवंग आन् आपल्याकडं म्हाग, असं कसं?"

झालं! कान्हूला कुणी विचारण्याचीच खोटी. ओट्यावर मांडी ठोकून बसला.

"ऐक वयनी. कंपनीच्या टाकीतनं निघताना भाव सगळीकडं जवळपास सारखाच. मग टँकर जेवढा लांब जाईल तेवढं त्याचं भाडं चढतं. म्हणून पेणपेक्षा रोह्याला चार पैसे इकडं तिकडं. ती चिल्लर सोड. खरी गंमत राज्याच्या हद्दीवर हाय. त्याच्यावर दिल्लीचा कर बसतो, तो सगळ्यांना एकच. पण त्याच्यावर परत ज्या त्या राज्याचा कर, तो ज्याचा त्याचा. दिवाळीला दिल्लीनं आपला उतरवला, गुजरातनं, दमणनं बी उतरवला. आपल्या सरकारनं नाय उतरवला. रस्ता तोच, टँकर तोच, पेट्रोल तेच. पण एक पाटी ओलांडली की लिटरमागं पंधरा रुपयांचा फरक. पाटीच्या त्या अंगाला भरायचं न् ह्या अंगाला विकायचं. ह्यात चोरी कुठं हाय, सांग?"

"माझ्या दारात हाय," सरू आतून म्हणाली.

कान्हू हसला. पुतळीही हसली. सरू हसली नाही.

तिला हसू येणार कुठून? ओळीतली आतली दोन पिंपं, चुलीच्या भिंतीला लागून असलेली, पेट्रोलची. बाहेरची दोन, अंगणात तुळशीकडची, पाण्याची. भिंतीच्या अलीकडं चूल, पलीकडं पेट्रोल! कुठल्या शहाण्यानं सांगितलं होतं? पण बाहेरच्या पिंपांपर्यंत नळाची नळी पोचायची, आतल्यांपर्यंत नाही, एवढाच कान्हूचा हिशेब. सरू भाकरी थापायला बसली की भिंतीतून तो वास यायचा. गोड, डोक्यात चढणारा. भाकरीला यायचा, पदराला यायचा, अंथरुणात यायचा. मांजरी पिलं तोंडात धरून पुतळीकडं राहायला गेली ती परत आली नाही. सरूचं कपाळ दिवसभर ठणकायचं.

"अवो, झाकणं सैल झालीत. वास मारतोय."

"तुझं नाक लांब झालंय."

"आई दिवसभर घरात असतात. त्यांना चालवत नाय. उद्या काय झालं तर मी एकटी कुणाला काढू?"

"कायच होत नाय गो. चार महिने झालं काय?"

हे त्याचं उत्तर. न झालेल्या गोष्टीचा दाखला देऊन माणूस निर्धास्त झोपतो. कान्हू झोपायचा. सरू पडल्या पडल्या वास घ्यायची, आज जास्त आहे का कमी. घराची राखण एकट्या नाकावर आली होती आणि नाकाला काही झोपता येत नव्हतं. सगळ्यात जास्त भीती तिला इंदुबाईची वाटायची. माहेरी आई नव्हती. जी काय आई होती ती हीच, गुडघे धरून बसलेली, तपकिरीची डबी कमरेला, आणि सून हाक मारेल तिकडं वळणारी.

त्या वर्षी शिमग्याला पाण्याचा मान कान्हूच्या घराला आला. गावची होळी तिन्हीसांजेला लागते. ज्याची पाळी असेल त्यानं घरच्या पाण्यानं तांब्याचा कलश भरून न्यायचा, होळी पेटली की धार धरत तिच्याभोवती पहिली फेरी घालायची, मग बाकीच्यांनी. पाण्याला महाग असलेल्या गावात पाण्याचा मान म्हणजे काय ते बाहेरच्याला कळायचं नाही. ज्याच्या घराला तो येतो ते घर वर्षभर मान वर करून चालतं. इंदुबाईनं आठ दिवस आधीपासून कलश चिंचेनं घासायला घेतला होता.

शिमग्याच्या दिवशी सकाळीच कान्हू रोह्याला गेला. "सणाला रिक्षा लय फिरतात, माल खपतो. उरलेला उद्या," म्हणाला.

त्या दिवशी घरी पुरणपोळ्या. चूल सकाळपासून धडधडलेली. दुपारी सरूनं सहज भिंतीला हात लावला आणि चटकन मागं घेतला. भिंत तापली होती. ती बाहेर धावली. आतल्या पिंपाला हात लावला, तेही कोमट. झाकणाच्या कडेनं हवा अशी थरथरत होती जशी उन्हात डांबरी रस्त्यावर थरथरते.

सरू तशीच आत धावली. तिनं आधी चूल विझवली, अर्ध्या पोळ्या तशाच टाकल्या. मग कान्हूला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला, परत तेच. गाडीवर असला की तो फोन उचलत नाही.

"पुतळे! हात लाव गो जरा!"

दोघींनी मिळून पिंपं हलवली. पाण्याची दोन तळाला गेलेली, ती सहज निघाली. पेट्रोलची ओढताना दोघींची कंबर मोडली. पण काम झालं. पेट्रोल बाहेर तुळशीकडं, पाणी आत चुलीकडं. सरूनं झाकणं दाबून दाबून बसवली, वर दगड ठेवले आणि कितीतरी महिन्यांनी मोकळा श्वास घेतला. तिनं केलं ते बरोबरच होतं. कुणाही शहाण्या बाईनं तेच केलं असतं.

दिवेलागण झाली तरी कान्हूचा पत्ता नाही. होळीवरून ढोल ऐकू यायला लागला. बायका नैवेद्य घेऊन निघाल्या, पुतळी दारात उभी राहून घाई करू लागली. सरूनं सासूच्या पुढ्यात बसून एकेक शब्द मोठ्यानं सांगितला.

"आई, ते आले की सांगा, पिंपं बदललीत. तुळशीकडची घ्यायची नायत. चुलीकडचं पाणी घ्या म्हणावं. आन् तुमी आज तुळशीपाशी दिवा लावू नका. आत देवाऱ्यात लावा. कळलं?"

"व्हय गो, कळलं. मी काय खुळी हाय?"

इंदुबाईची रीत ठरलेली होती. शिमग्याला गावची होळी लागलेली अंगणातून दिसली की मग घरचा दिवा तुळशीपाशी. नवरी होऊन आली त्या वर्षापासून एकदाही चुकली नव्हती. सरू उंबऱ्याशी थबकली, मागं बघितलं. म्हातारी भिंतीला टेकून डोळे मिटत होती.

होळीवर गाव जमलं होतं. मधोमध माड उभा, भोवती पेंढा, लाकडं. मानकरी आला नाही म्हणून कुजबुज सुरू झाली तेवढ्यात कान्हू धावत आला, पांढरा सदरा, हातात लखलखीत कलश. कुणीतरी पेंढ्याला काडी लावली आणि होळीनं भस्सदिशी पेट घेतला.

"काय कान्हूशेठ, आज अत्तर दमणचं काय?" एकानं टोमणा मारला आणि पुरुष खो खो हसले. कान्हूच्या अंगाला पेट्रोलचा वास असतोच, गावाला सवय झाली होती. म्हणून त्या दिवशीही कुणाला त्याचं काही वाटलं नाही. तो बायकांच्या पुढून गेला, सरूलाही वास आला, आणि देवा शप्पथ, क्षणभर तिलाही काही वाटलं नाही.

मग तिची नजर त्याच्या बाहीवर गेली. कलश भरताना बाही कोपरापर्यंत भिजली होती. होळीच्या उजेडात ओलं दिसत होतं, आणि बघता बघता ते ओलं विरत चाललं होतं. पाण्यानं भिजलेली बाही अशी वाळत नाही.

"अवो! पाणी कुठलं घेतलंत?"

"तुळशीकडचं. दुसरं कुठलं?" मागं न बघता तो म्हणाला आणि कलश तिरका करत होळीकडं चालू लागला.

सरूनं नैवेद्याचं ताट टाकलं. पोळ्या मातीत गेल्या. ती पुरुषांच्या गर्दीत घुसली आणि जीव खाऊन त्याच्या हातावर फटका मारला. कलश उडाला, धार सांडत होळीकडं गडगडत गेला.

गाव आ वासून बघत राहिलं. शिमग्याच्या दिवशी, भर होळीपुढं, बायकोनं मानाचा कलश पाडला! कान्हूचा हात तिच्यावर उगारला गेला. तेवढ्यात जमिनीवर सांडलेल्या ओलीवरून एक निळी रेघ सळसळत आली आणि त्याच्या बाहीला चढली. चार जणांनी त्याला खाली पाडून माती टाकली, घोंगडं टाकलं. आग विझली. ढोल थांबले होते.

कान्हू उठून बसला. भाजलेला हात त्यानं नाकापाशी नेला. एकदा हुंगला, परत हुंगला, लहान पोरासारखा. मग सगळ्या गावापुढं रडायला लागला.

"सरू, मला कायच येत नाय गो. कसलाच वास येत नाय."

पण सरूचं त्याच्या रडण्याकडं लक्ष नव्हतं. तिनं त्याचा सदरा धरून त्याला हलवलं.

"आईंनी सांगितलं नाय काय तुमाला?"

"निजली व्हती. उशीर झाला म्हणून उठवली नाय."

"आन् पिंपाचं झाकण? झाकण लावलंत ना?"

कान्हूला आठवेना. तेव्हा ढोल वाजत होते, लोक वाट बघत होते, कलश भरला आणि तो पळाला. दगड बाजूला केलेला तेवढा त्याला आठवत होता.

दोघांनी एकदमच घराकडं बघितलं. गावाच्या टोकाला त्यांचं अंगण अंधारात होतं. तुळशीपाशी दिवा आज लावू नका म्हणून सरूनं सांगितलं होतं, कळलं म्हणाल्या होत्या. पण झोपेतून उठलेल्या म्हातारीला समोर होळीचा उजेड दिसला तर तिला काय आठवणार, सुनेचं मघाचं सांगणं की सगळ्या जन्माची रीत?

तुळशीपाशी एक काडी ओढली गेली. एवढुसा उजेड.

"आये! आये, नको!" कान्हू ओरडला आणि दोघं शेताच्या बांधावरून धावत सुटले. अर्ध्या वाटेवर समोर एवढा उजेड झाला की दोघांना एकमेकांची तोंडं स्पष्ट दिसली.