गुरुजींच्या म्हशीचा पान्हा

बादली लाथेसरशी भिंतीवर आपटली आणि गवळी शेणात बसला. एरवी गल्लीनं पोट धरून हसून घेतलं असतं. त्या सकाळी कुणी हसलं नाही. गुरुजी गेल्यापासून त्यांच्या म्हशीनं कुणालाच सडाला हात लावू दिला नव्हता, आणि कास अशी तटतटली होती की बघवत नव्हतं.

"वहिनी, माझ्यानं होणार नाही," कपडे झटकत गवळी म्हणाला. "अंगात ताप भरलाय तिच्या. आज कास रिकामी झाली नाही तर ही हातची गेली म्हणून समजा."

गुरुजींची बायको गव्हाणीला टेकून उभी होती. म्हशीनं वैरण सोडली होती आणि हिनं जेवण. मी शेजारचा शिंपी, भिंतीला भिंत लागून राहणारा. माझ्या बायकोनं दोन घास खा म्हणून हातापाया पडून पाहिलं, पण बाई ढिम्म.

"गुरांच्या दलालाला निरोप धाडलाय मी," गुरुजींचा मुलगा खाली मान घालून म्हणाला. "मरण्यापेक्षा..."

"तिला न्यायचं असेल तर मलाही त्याच दाव्याला बांध आणि दे पाठवून," ती म्हणाली. "त्यांची वाट बघणारं एवढं एकच जनावर राहिलंय माझ्या जोडीला."

मुलगा पडलेली बादली उचलायला वाकला.

आमच्या गावात ज्याला सही करता येते, त्याचा हात एकदा तरी गुरुजींनी धरलेला आहे. माझाही धरला होता. अक्षर सुधारलं नाही, तो दोष माझ्या हाताचा. पोरांना त्यांनी कधी शिवी दिली नाही. फार संतापले की "अरे विद्वाना!" म्हणायचे, आणि विद्वान ठरलेलं पोर घरी जाऊन रडायचं. पगार तो केवढा आणि खाणारी तोंडं किती! धाकटा भाऊ अकाली गेला, त्याच्या पोरी यांनीच वाढवल्या, शिकवल्या, उजवल्या. त्यासाठी दर सुट्टीत हा माणूस डोक्याला फडकं गुंडाळून खडीच्या खाणीवर दगड फोडायला जायचा. शाळा उघडली की पुन्हा इस्त्रीचा सदरा घालून फळ्यासमोर उभा. ती धूळ छातीत बसली ती त्यांना घेऊनच गेली. इतका भला माणूस असा गुदमरून जावा याचा मला अजून संताप येतो, आणि तो काढायचा कुणावर तेच कळत नाही.

रिटायर झाल्यावर त्यांनी ही म्हैस घेतली. या खेपेला तिचं रेडकू दगावलं. रेडकू नसलं की म्हैस पान्हा चोरते, पण गुरुजींना सोडायची. कशी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. धार काढताना गोठ्यात कुणी पाऊल टाकायचं नाही, असा त्यांचा दंडकच होता.

"त्यांचा सदरा घाल रे," मी मुलाला म्हणालो. "जनावर वास ओळखतं."

सदरा माझ्याच हातचा. मुलगा शहरात कचेरीत कारकून होता. त्याच्या लग्नात मापं घेतली तेव्हा खांदा अगदी बापाएवढा भरला होता. आता बापाचा सदरा त्याच्या अंगावर लोंबत होता. म्हशीनं सदरा हुंगला आणि मान फिरवली.

"अरे, ते पाढे म्हणायचे धार काढताना!" न्हावी कुंपणावरून ओरडला. "मी आवाज ऐकलाय."

झालं! गुरुजींच्या हाताखालून गेलेले सगळे बाप्ये गोठ्याभोवती उभे राहून पाढे म्हणायला लागले. सतराच्या पाढ्यावर सगळेच अडकले, मग चूक कुणाची यावरून न्हावी आणि गवळी हातघाईवर आले. तेवढ्यात दोरखंड खांद्यावर टाकून दलाल दारात हजर.

त्याला बघून बाई कळवळून बोलली. "पाढे नव्हते रे ते. खाली वाकलं की त्यांना खोकल्याची उबळ यायची. आम्ही बघू नये म्हणून तो दंडक. मलासुद्धा शपथ घातली होती, कुणाला सांगू नको म्हणून. ती त्या खोकल्यालाच दूध सोडायची."

मग काय, गल्लीभर खोकणं सुरू झालं. कुणी घोगऱ्या आवाजात, कुणी घसा खरवडून, दलालसुद्धा दाराशी दोनदा खोकला. म्हशीनं कान हलवला नाही.

मुलगा कासेखाली बसला होता. कोंडा-पेंडीच्या आंबोणाचं घमेलं पुढं ओढताना कोंडा उडाला. त्यानं तोंड दाबून धरलं, डोळे पाण्यानं भरले, आणि मग ते त्याला आवरेना. आधी छातीत शिट्टी वाजली, मग कोरडी उबळ, तिच्या मागे दुसरी, संपता संपेना. खोकणारे सगळे एकदम गप्प झाले. म्हशीनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, आणि पहिली धार बादलीच्या तळावर वाजली.

"सोडला! पान्हा सोडला!" गवळी नाचायला लागला. न्हाव्यानं त्याला मिठी मारली. लोक म्हणाले, लेक बापावर गेला, हुबेहूब नक्कल केली पठ्ठ्यानं.

त्याची आई मात्र पुढं झाली. तिनं त्याच्या पाठीवर तळवा टेकवला. ही नक्कल नाही, हे तिला कुणी सांगायला नको होतं. अशाच खोकल्यानं हलणारी नवऱ्याची पाठ तिनं उभा जन्म चोळली होती.

"खाणीवर कधीपासून जातोस?"

त्यानं म्हशीच्या पोटाला कपाळ टेकवलं, पण हात थांबवला नाही.

"कचेरीतनं कमी केलं, आई. घरी पोरं आहेत. बाबांना कळू द्यायचं नव्हतं."

"ऊठ. आधी ऊठ तिथनं."

"आता उठवू नको," तो धापा टाकत म्हणाला. "थांबलो तर पुन्हा सोडायची नाही ती."

गुरुजी गेल्यावर न रडलेली ती बाई तिथं शेणात बसून हंबरडा फोडून रडली. लोकांना वाटलं, आनंदानं. तो खोकत होता आणि दूध येत होतं. बादली भरली तशी गवळ्यानं दुसरी आणून त्याच्यापुढं सरकवली.