कूर्मानंदांची चालती कासवं

त्या गुरुवारी शीळफाट्याच्या मांडवात मुंगीला शिरायला जागा नव्हती. पुढे पितळी पाठीची, आपोआप चालणारी डझनभर कासवं, मागे मखमली कोचावर कूर्मानंद महाराज. हात रिकामे, डोळे मिटलेले, तोंड मात्र अखंड चालू.

"कासव धावत नाही, बाळांनो, कासव ओळखतं! ज्याच्याभोवती माझी कासवं रिंगण धरतील, त्याचा रोग गेला. औषधं गटारात टाका!"

मागच्या गुरुवारी रिंगण धरलं ते योगिनीच्या सासूबाईंभोवती. तेव्हापासून हौसाबाईंनी इन्सुलिन घेतलंच नव्हतं. जीभ कोरडी पडली, चालताना तोल जाऊ लागला, तरी एकच पालुपद, "अगं, कासवांनी सांगितलंय!" आज त्या दुसऱ्या रिंगणासाठी आलेल्या.

योगिनी ठाण्यात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. तिचा खरा राग नवऱ्यावर होता. विनीत मोठ्या ऐटीत परीक्षा घ्यायला गेलेला. एक कासव स्टीलच्या डब्यात कोंडलं, बाकीची चालतच राहिली. झालं! शिकलासवरलेला माणूस कपाळाला अंगारा फासून घरी आला.

"मशीन असतं तर एकाबरोबर सगळी बंद पडली असती ना?" आत्ताही मांडवात तो योगिनीच्या कानाशी कुजबुजला.

"अरे शहाण्या, त्यांच्यात मुकादमच नाही! प्रत्येक कासव शेजारच्याला निरोप देतं. एक गळलं तरी निरोप वळसा घालून पोचतो. ड्रोनचे थवे असेच उडवतात. पहिला निरोप कुठून येतो, ते बघ."

तेवढ्यात सेवेकऱ्याने हौसाबाईंच्या मुठीत अंगाऱ्याची पुडी ठेवली.

"मागची पुडी कुठंय, आई?"

"रिंगण झाल्यावर परत घेतली की त्यानं."

दिलेला अंगारा कुणी परत मागतं? योगिनीने पुडी घेतली आणि मांडवाच्या तोंडाशी चपलांच्या ढिगात भिरकावली. हौसाबाईंकडे निघालेली कासवं थबकली, वळली आणि लोकांच्या पायांमधून तुरुतुरु जाऊन चपलांभोवती रिंगण धरून बसली.

"काय महाराज, चपलांनाही डायबेटिस?"

"पादुकांतही परमेश्वर..." महाराज चाचरले. मांडव खो खो हसला.

योगिनीने पुडी उचलून सर्वांदेखत फोडली. राखेत नखाएवढी चिप आणि बटणासारखा सेल. "हिचा सिग्नल जवळच्या कासवाला मिळतो, ते बाकीच्यांना कळवतं. चमत्कार एवढाच!"

हौसाबाई रडवेल्या झाल्या. "दवाखान्यात ने गं मला."

त्या वाचल्या. कळव्याच्या सुमतीबाईंभोवतीही रिंगण धरलं होतं, त्यांनीही औषध टाकलं होतं. त्या वाचल्या नाहीत. देव मानायचा तर खुशाल माना. पण औषध टाका म्हणणाऱ्याने पुडी दिली, तर कपाळाला लावण्याआधी ती उघडून बघा.