घरचं मत

चष्मेवाला गेला, आणि दोनेक महिन्यांनी त्याच्या बायकोने ठरवलं की बुधवारी सिनेगॉगला जायचं. भक्ती उफाळून आली होती असं नाही. सबंध नोकरी तिने इस्पितळाच्या औषध विभागात केली होती, आणि जे मोजून देता येत नाही त्यावर तिचा फारसा विश्वास नव्हता. दफनाच्या दिवशीही ती रडली नव्हती. नणंदेने ते बरोबर लक्षात ठेवलं होतं.

दर बुधवारी संध्याकाळी तिथे तोराचा, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाचा अभ्यास चाले. त्या आठवड्याचा भाग वाचायचा आणि त्यावर मनसोक्त वाद घालायचा, एवढाच तो अभ्यास. अंगात ताप असो की घरात पाहुणे, नवऱ्याने तो कधी चुकवला नाही. आदल्या दिवशी जेवणं झाली की तो तो भाग तिला वाचून दाखवी. ती भांडी आवरता आवरता दोन शब्द सुनावी, तोवर गृहस्थ वर्तमानपत्राआड गेलेले असत. "ऐकताय ना?" "हूं." पालथ्या घड्यावर पाणी. आपलं एक अक्षरही या माणसाच्या कानात शिरत नाही, ही अढी तिच्या मनात संसारभर राहिली. आता विचारायला तो नव्हता. तिथे तो कोणाचं ऐकायला जायचा, निदान एवढं तरी तिला पाहायचं होतं.

मागच्या खोलीत एक लांब टेबल होतं, त्याच्या एका पायाखाली कागदाची घडी सरकवलेली. कॉफी पातळ होती. तिथला धर्मगुरू, रब्बी, तिच्या मुलाच्या वयाचा. त्याने उठून एक खुर्ची ओढली.

"काकू, इथे बसा. ही काकांची."

तो आठवडा नेमका साराचा निघाला. भागाचं नाव 'साराचं आयुष्य', आणि दुसऱ्याच ओळीत सारा मरते. नवरा अब्राहाम तिच्यासाठी रडायला येतो. पण या 'रडायला'मधलं एक अक्षर मूळ हस्तलिखित गुंडाळीत इतरांपेक्षा लहान लिहिलेलं असतं. नकला करणारे पिढ्यान्‌पिढ्या ते तसंच लहान लिहीत आले. कोणी सुधारलं, तर तीच चूक.

"सरळ आहे," दातांची डॉक्टर म्हणाली. "बाई म्हातारी होऊन गेली. तो थोडंच रडला."

"थोडं कशाला?" वकील म्हणाला. "रडला भरपूर, पण चारचौघांत नाही. म्हणून अक्षर दडवलंय."

दोघं असे भांडू लागले, जसा काही अब्राहाम बाहेर ओट्यावर निकालाची वाट बघत बसला होता. शेवटी दमले. रब्बीने सवयीने तिच्या खुर्चीकडे मान वळवली.

"आता घरचं मत," तो म्हणाला आणि ओशाळला.

"घरचं म्हणजे?" तिने विचारलं.

"काकांची पद्धत होती ती," वकील म्हणाला. "स्वतःचं मत त्यांनी कधी सांगितलं नाही. आम्ही थकलो की म्हणायचे, आता घरचं मत ऐका. जुन्या काळी दोन मोठ्या गुरूंच्या परंपरांना 'घर' म्हणायचे. मी नवीन होतो, मला वाटलं हे तिसरं घर. ग्रंथालय पालथं घातलं."

"जळत्या शहराकडे वळून पाहिलं म्हणून लोटच्या बायकोचा मिठाचा खांब झाला, त्या दिवशी तर कमाल," डॉक्टर म्हणाली. "काका म्हणाले, घरचं मत असं की वळून पाहणारच ती, लग्न झालेल्या मुली मागे राहिल्या होत्या. आणि तो पेपर खाली ठेवा."

"प्रत्येक मताच्या शेवटी तो पेपर असायचा," वकील म्हणाला. "त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही."



"जुने लोक म्हणत, माणसाचं घर म्हणजे त्याची बायको," रब्बी हळूच म्हणाला. "आणि ज्याचं बोलणं, त्याच्या नावानेच सांगावं. काका एक शब्द गाळायचे नाहीत."

तिला आधी राग आला. एवढं सगळं ऐकत होता, तर घरी तसं म्हणायला काय जीभ झिजत होती? पण राग टिकेना. वर्तमानपत्राआडची ती सगळी वर्षं तिला पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागणार होती.

"मग काकू, आज?" रब्बीने विचारलं.

तिने चष्मा पुसला. तोही त्यानेच बनवलेला.

"रडायला त्याला फुरसत कुठे होती?" ती म्हणाली. "जागा बघायची, दफनाचं बघायचं, आल्यागेल्याशी बोलायचं. जमलं तेवढं रडला. बाकीचं राहून गेलं असेल."

एवढं बोलून ती नेहमीसारखी थांबली. टेबलावरची सगळी माणसं कान देऊन ऐकत होती, पण "हूं" कोणी म्हटलं नाही, आणि इतके दिवस न आलेलं रडू तिला त्या परक्या माणसांसमोर आलं.