डावीकडचा खालचा कोपरा

“प्रकाश कधी खोटं बोलत नाही,” असं गंभीरपणे म्हणत इंजिनिअरने भिंतीवरचं बटण दाबलं. ट्यूब तीनदा लुकलुकली आणि विझली.

“स्टार्टर गेलाय,” घार म्हणाली.

घार म्हणजे तपासणी विभागातली बाई. बावीस वर्षं ती एका भिंगाच्या सूक्ष्मदर्शकाला डावा डोळा लावून सिलिकॉनच्या चकत्या बघत आली होती. तिच्या नजरेतून चरा सुटत नाही अशी ख्याती, म्हणून हे नाव. चकत्या पुढे बसगाड्यांच्या ब्रेकच्या सर्किटमध्ये जात, त्यामुळे ख्यातीला वजनही होतं.

टेबलावरची नवी चिप नखाएवढी होती. आत केसाच्या हजाराव्या भागाएवढ्या अर्धवाहक तारा. प्रकाशाचा ठोका बसला की तारेत त्याची पुसट आठवण उरते, तोच ठोका पुन्हापुन्हा बसला की ती घट्ट होते. मेंदूचंही असंच असतं, असं इंजिनिअर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. चार महिने घार चकती बघून ‘पास’ नाहीतर ‘बाद’ दाबत होती आणि चिप शेजारी बसून शिकत होती. नव्या सुनेला घर दाखवावं तसं तिने सगळं दाखवलं होतं.

आज शेवटची परीक्षा. पाचशे चकत्या दोघींनी वेगवेगळ्या बघायच्या. निकाल जुळले की उद्यापासून घारीने घरी बसायचं. बसायला तिची ना नव्हती, फक्त नाव शाबूत घेऊन जायचं होतं.

चारशे बाराव्या चकतीला हात घसरला. चकती उलटी बसली, कडेची खाच वरऐवजी खाली, आणि वर उजवीकडे चरा लख्ख दिसला. तिने ती सुलटी केली. चरा गेला. उलटी केली. आला.

घारीने भिंगाला उजवा डोळा लावला. सुलट्या चकतीवर, खाली डावीकडे, चरा आरामात पडला होता.

वर्षभर त्या कोपऱ्यात एक करडा ठिपका दिसत होता. तिला वाटे, भिंगच मळलंय. भिंग ती रोज पुसत होती. धाकट्या बहिणीने दोनदा म्हटलं होतं, डोळे दाखवून ये गं. पण घारीने डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं, म्हणजे लोकांना वर्षभर पुरेल एवढा विनोद.

तिने चकती चिपसमोर धरली. सुलटी, हिरवा दिवा. उलटी, लाल.

“साहेब, जरा इकडे या.”

“काय झालं, ताई?”

“हिला डावीकडे खाली दिसत नाही.”

“कोणाला?”

“हिला. आणि मला.”

इंजिनिअर हसला. “जाता जाता फिरकी घेताय होय?”

तिने चकती उलटी करून लाल दिवा दाखवला.

“उलटी ठेवली की बाद होणारच. खाच वर हवी, नियम आहे.”

“मग सुलटी ठेवते. तुम्ही बघा, तुमच्या डोळ्यांनी.”

तो वाकला, पण अर्ध्यावरच थांबला.

“मी बघून काय उपयोग, ताई? माझी नजर कुठे प्रमाणित आहे? या इमारतीत एकच नजर प्रमाणित आहे.”

“ती अधू झालीय, साहेब.”

त्याने पडदा तिच्याकडे वळवला. “हे बघा. चारशे अकरापैकी चारशे अकरा जुळल्या. तुमची नजर अधू असती, तर हिच्याशी जुळली असती का?”

खाली रस्त्यावर बस थांबली. थांबली, हे घारीने नीट ऐकून घेतलं.

मग तिने सुलटी चकती पुढ्यात ओढली आणि ‘बाद’ दाबलं. चिपने हिरवा दिवा दिला.

उरलेल्या अठ्ठ्याऐंशी चकत्याही तिने उजव्या डोळ्याने बघितल्या. त्यांत खाली डावीकडे काहीच निघालं नाही.

संध्याकाळी अहवाल झाला. पाचशेपैकी चारशे नव्याण्णव जुळल्या. उरलेल्या एकीपुढे इंजिनिअरने सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘मानवी चूक’. बावीस वर्षांत घारीच्या नावावर लागलेली ती पहिली.

पुढच्या आठवड्यात चिपच्या चाळीस प्रती निघाल्या. त्यांची तपासणी पहिल्या चिपने केली. सगळ्या पास झाल्या.